फ्रीसेल घरच्या पत्त्यांनी कसा लावायचा? (आठ रांगा, चार कोनाडे)

मृणाल_इंदूर

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरी, राजेंद्र नगरात, दुपारचा चहा झाला की कॅरम बोर्ड दिवाणावर येतो. सोंगट्या मात्र कपाटातच राहतात. बोर्डावर पत्ते लागतात.

माझे सासरे, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर ते आमच्या जुन्या संगणकावर पेशन्स, म्हणजे एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव, खेळायचे. तो एका दुकानात दुरुस्तीला दिला आणि परत आला तो सगळं पुसून, सुरूही धड होईना. मग त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला आणि नेहमीचा सात रांगांचा पेशन्स लावू लागले. त्यात २८ पत्ते मांडायचे, त्यातले २१ पालथे, उरलेले २४ हातात. चार-पाच डाव ओळीने अडले की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा म्हणाले, "अगं, माझं कुठे चुकलं तेच कळत नाही. पालथ्या पत्त्याखाली एक्का अडकला असेल तर मी काय करणार?"

त्या वाक्यावरून मला फ्रीसेल आठवला, पेशन्सचाच एक प्रकार. त्यात एकही पत्ता पालथा नसतो. ५२ च्या ५२ समोर उघडे. अडलं तर मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधता येतं. घरच्या पत्त्यांनी तो कसा मांडायचा हे मला मराठीत नीट लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

कॅट पिसा, जोकर बाजूला काढा. डावीकडून उजवीकडे एकेक पत्ता उघडा वाटत आठ उभ्या रांगा करा. सहा फेऱ्यांत ४८ पत्ते संपतात, उरलेले चार पहिल्या चार रांगांवर एकेक. म्हणजे पहिल्या चार रांगा सात-सात पत्त्यांच्या, पुढच्या चार सहा-सहांच्या. पत्ते एकमेकांवर असे सरकवून ठेवा की खालच्या प्रत्येकाचा आकडा दिसत राहील. रांगेचा सगळ्यात पुढचा, पूर्ण दिसणारा पत्ता तेवढा हलवता येतो.

तो तीन ठिकाणी जाऊ शकतो. एक, दुसऱ्या रांगेच्या टोकावर, पण तिथला पत्ता एकाने मोठा आणि उलट रंगाचा हवा. काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी, लाल राणीवर काळा गुलाम. अण्णा याला उतरंड म्हणतात, खाली मोठं मडकं, वर लहान. दोन, घरी. एक्का सुटला की तो घरी जातो आणि त्याच्यावर त्याच चिन्हाची दुर्री, तिर्री असं राजापर्यंत चढत जायचं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी चार घरं भरली की डाव सुटला. आणि तीन, कोनाड्यात. कोनाडे चार. एका कोनाड्यात एकच पत्ता, कुठलाही चालतो. रांग पूर्ण रिकामी झाली तर तिथेही कुठलाही पत्ता ठेवता येतो, राजाच हवा असं नाही.

कोनाडा हा शब्द अण्णांचा. ते रामबागेत एका जुन्या घरात वाढले. ते म्हणतात, कोनाड्यात वस्तू "आत्ता ठेवतो, मग उचलतो" म्हणून ठेवतात आणि ती वर्षभर तिथेच राहते. खेळात नेमकं तेच होतं. आम्ही बोर्डाची चार भोकं हेच चार कोनाडे धरलेत. पत्ता भोकापेक्षा मोठा असतो, आत पडत नाही. आठ रांगा मधल्या जागेत मावतात, घरं वरच्या कडेबाहेर एका पाटावर. आणि कूलरचं तोंड दुसरीकडे करावं लागतं.

बडोद्याची_माई

मृणाल, फार छान समजावलंस गं. मी ७४ वर्षांची आहे, दांडिया बाजारात राहते, आजवर बदाम सात आणि लॅडिस सोडून काही खेळले नाही. आज दुपारी जेवणाच्या टेबलावर मांडून पाहिला. अर्ध्या तासात चारही कोनाडे भरले आणि घोडं अडलं.

एक शंका आहे. माझ्याकडे लाल दश्शी, काळी नव्वी, लाल अठ्ठी अशी तीन पत्त्यांची उतरंड लागली होती. ती उचलून तशीच्या तशी काळ्या गुलामावर ठेवली. चालतं का? का एकेकच हलवायचा?

गणितवेडा

माई, नियमाने एकेकच. पण रिकाम्या कोनाड्यांचा आधार घेऊन जे एकेक करून हलवता आलं असतं, ते एकदम उचलून ठेवलं तरी हरकत नाही. तुमची अठ्ठी एका कोनाड्यात, नव्वी दुसऱ्यात, दश्शी गुलामावर, मग नव्वी, मग अठ्ठी. म्हणजे तीन पत्त्यांना दोन रिकामे कोनाडे लागतात. तेवढे होते का, ते बघा.

हिशोब असा: रिकामे कोनाडे मोजा, त्यात एक मिळवा. चारही रिकामे असतील तर पाच पत्ते हलतात. एखादी रांगही रिकामी असेल तर उत्तराची दुप्पट करा, दोन असतील तर चौपट. दोन कोनाडे आणि एक रांग रिकामी असेल तर तीनाची दुप्पट, सहा. दुप्पट का? आधी वरचे तीन पत्ते रिकाम्या रांगेत उतरवायचे, कोनाडे परत मोकळे होतात, मग खालचे तीन जागेवर न्यायचे आणि रांगेतले तीन त्यांच्यावर चढवायचे. मात्र ती उतरंड त्या रिकाम्या रांगेतच न्यायची असेल तर दुप्पट नाही, तीनच. तिथे भले भले फसतात.

बडोद्याची_माई

माझा एकच रिकामा होता. म्हणजे मी चूक केली. परत मांडते.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून रामराम. मृणालताई, एक विचारू? सगळे पत्ते उघडे म्हटल्यावर मजा ती काय राहिली? आमचे काका पेशन्स लावायचे तेव्हा पालथा पत्ता उलटताना आम्ही सगळी पोरं भोवती श्वास रोखून बसायचो. नशीब उघडतंय असं वाटायचं.

मृणाल_इंदूर

लष्करवाला दादा, तो थरार मलाही आवडतो, अण्णांनाही आवडायचा. पण थरार चांगला तो दहा-बारा मिनिटांपुरता. अण्णांचा अख्खा दिवस घरात जातो. दिवसातला तास-दीड तास ज्या खेळात जातो, त्यात आपल्या विचाराने काही घडतंय असं वाटणं या वयात फार मोलाचं आहे. आता ते पत्त्याला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसते बघत बसतात. एक्के कुठे, दुर्र्या कुठे, कुठल्या रांगेत लहान पत्ते गाडलेत. मुलगा शेजारी बसून हिंदीत मोजतो, हुकुम का इक्का, पान की दुग्गी, आणि अण्णा त्याला इस्पिक, बदाम शिकवतात. चुकलं की दोघं मिळून पाच चाली मागे जातात. पालथ्या पत्त्यांच्या डावात मागे जाण्यात अर्थ नसतो, पत्ता एकदा पाहिला की पाहिला.

जुनी_फ्लॉपी

धागा वाचून राहवलं नाही. मी संगणकाच्या क्षेत्रात तीस वर्षं आहे, फ्रीसेलची कुळकथा थोडी सांगतो.

फ्रीसेलच्या आधीचा खेळ जवळजवळ असाच होता, फक्त उतरंड एकाच चिन्हाची लावायची. इस्पिक नव्वीवर इस्पिक अठ्ठीच. सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी जून १९६८ च्या सदरात त्याची माहिती दिली. त्यांना तो सी. एल. बेकर यांच्याकडून कळला, बेकरना तो त्यांच्या वडिलांनी शिकवला होता आणि वडिलांना १९२० च्या दशकात एका इंग्रज माणसाने. म्हणजे तेव्हाही तो घरात, टेबलावर, एकाने दुसऱ्याला शिकवत आला.

पॉल अल्फिल यांनी त्यात उलट रंगांची उतरंड आणली आणि १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असताना प्लेटो नावाच्या संगणक प्रणालीवर तो लिहिला. जिम हॉर्न यांनी तो पुढे विंडोजसाठी केला आणि विंडोज ९५ बरोबर तो घराघरांत, कचेऱ्यांत पोचला. त्यात ३२,००० डाव होते, प्रत्येकाला नंबर. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवर माणसं जमवून ते सगळे वाटून सोडवायला घेतले. शेवटी एकच उरला, ११९८२. तो खरोखरच सुटत नाही, हे नंतर संगणकानेही तपासलं.

मला त्या आकड्याचं फार अप्रूप वाटतं. ३२,००० पैकी एक. म्हणजे आपण हाताने पिसलेला डाव जवळजवळ नेहमी सुटण्यासारखाच असतो.

मृणाल_इंदूर

हे अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे अडला तो मी, डाव नाही." आणि लगेच बोर्ड मागितला.

आता सगळ्यांनी मिळून एकच डाव मांडू या का? त्या जुन्या ३२,००० पैकी नंबर १ देते. रांगा मागून पुढे लिहिल्यात, शेवटचा पत्ता टोकाचा. इ म्हणजे इस्पिक, ब बदाम, चौ चौकट, कि किलवर.

पहिली: चौ गुलाम, चौ राजा, इ २, कि ४, इ ३, चौ ६, इ ६
दुसरी: चौ २, कि राजा, इ राजा, कि ५, चौ १०, इ ८, कि ९
तिसरी: ब ९, इ ९, चौ ९, इ १०, इ ४, चौ ८, ब २
चौथी: कि गुलाम, इ ५, चौ राणी, ब राणी, ब १०, इ राणी, ब ६
पाचवी: चौ ५, चौ एक्का, इ गुलाम, ब ४, ब ८, कि ६
सहावी: ब ७, कि राणी, इ एक्का, कि एक्का, कि २, चौ ३
सातवी: कि ७, ब राजा, ब एक्का, चौ ४, ब गुलाम, कि ८
आठवी: ब ५, ब ३, कि ३, इ ७, चौ ७, कि १०

सुरुवात मी करून देते. सहाव्या रांगेत दोन एक्के शेजारी आहेत. चौकट ३ कोनाड्यात, किलवर २ कोनाड्यात, किलवर एक्का घरी, त्याच्या मागोमाग कोनाड्यातली दुर्री घरी, मग इस्पिक एक्का घरी. दोन कोनाडे वापरले, एक लगेच मोकळा झाला. टोकाला किलवर राणी आली. आता सातव्यातली किलवर ८ कोनाड्यात, बदाम गुलाम त्या राणीवर, आठव्यातली किलवर १० गुलामावर. चौकट ४ कोनाड्यात, बदाम एक्का घरी, तिसऱ्यातली बदाम २ घरी. या क्षणी तीन कोनाडे भरलेले आहेत आणि जीव थोडा टांगणीला लागतो. पण तिसऱ्यातली चौकट ८ दुसऱ्या रांगेतल्या किलवर ९ वर गेली की इस्पिक ४ मोकळी होते आणि कोनाड्यातली चौकट ३ तिच्यावर बसते.

कोनाड्यात राहिले किलवर ८ आणि चौकट ४. सातव्या रांगेत दोनच पत्ते आहेत. पुढे खेळा.

लष्करवाला

खेळलो. सातव्यातला बदाम राजा कोनाड्यात, त्याच्या मागची किलवर ७ चौकट ८ वर, रांग रिकामी, राजा परत तिथे. आता राजावर कोण, किलवर राणी की इस्पिक राणी? इस्पिक राणी मोकळी करायला बदाम ६ किलवर ७ वर नेली तर ती आणता येते, पण चौथ्या रांगेत तिच्यामागे बहुतेक मोठेच पत्ते. मी किलवर राणी, बदाम गुलाम, किलवर १० अशी तिघांची उतरंड राजावर नेली. कोनाडे दोन रिकामे, म्हणजे तीन पत्ते नियमात बसतात ना, गणितवेडा?

गणितवेडा

बसतात, अगदी काठोकाठ. आणि निर्णय पटला. सहाव्या रांगेत आता एकटी बदाम सत्ती उरली.

बडोद्याची_माई

मीही तिथपर्यंत आले! बदाम ७ कोनाड्यात टाकली, रिकाम्या रांगेत कोनाड्यातली किलवर ८ उतरवली आणि बदाम ७ तिच्यावर. तीन कोनाडे मोकळे! मग किलवर ६ सत्तीवर, इस्पिक ६ आठवीतल्या चौकट ७ वर, चौकट ६ किलवर ७ वर. पाचवीतले तीन पत्ते कोनाड्यांत घालून चौकट एक्का सोडवला. इस्पिक ३ आणि ४ घरी जाईपर्यंतही पोचले. पण मग कोनाड्यांत चौकट ४, बदाम ८, इस्पिक गुलाम, त्यात चौकट राजाची भर, आणि हलायला जागाच उरली नाही. तीनदा केलं. दर वेळी एका जागेने कमी पडते.

जुनी_फ्लॉपी

माई, मीही अगदी तिथेच आलो. एका जागेने. काही तरी आधीच चुकलंय.

मृणाल_इंदूर

काल संध्याकाळी अण्णांना सापडलं. मी पोहे करत होते, त्यांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन हाक मारली, जे ते कधी करत नाहीत. सावकाश लिहिते.

जागा तीच. किलवर ८ रिकाम्या रांगेत उतरवली, कोनाड्यांत चौकट ४ आणि बदाम ७. इथे आपण सगळ्यांनी बदाम ७ लगेच किलवर ८ वर ठेवली, कारण कोनाडा मोकळा होतो. अण्णांनी ठेवली नाही. ते आठव्या रांगेकडे बघत होते. तिथे चौकट ७ च्या मागे इस्पिक ७, किलवर ३, बदाम ३, बदाम ५. घरी किलवर दुर्री आणि बदाम दुर्री आधीच बसलेल्या. म्हणजे दोन्ही तिर्र्या मोकळ्या होताक्षणी घरी जाणार.

म्हणून किलवर ८ वर त्यांनी चौकट ७ आणली. बदाम ७ कोनाड्यातच. पाचवीतली किलवर ६ चौकट ७ वर, त्यामुळे पाचवीत बदाम ८ उघडी पडली. आठवीतली इस्पिक ७ त्या बदाम ८ वर. किलवर ३ घरी, बदाम ३ घरी. उरलेली बदाम ५ किलवर ६ वर. आठवी रांग रिकामी! मग बदाम ७ कोनाड्यातून त्या रिकाम्या रांगेत, तिच्यावर पहिल्या रांगेतली इस्पिक ६, चौकट ६ किलवर ७ वर, इस्पिक ३ क्षणभर कोनाड्यात, किलवर ४ घरी, इस्पिक २ घरी, इस्पिक ३ घरी. पहिल्या रांगेत चौकटचा गुलाम आणि राजा एवढेच. कोनाड्यांत एकटी चौकट ४.

पुढे पाऊण तासात डाव सुटला. शेवटी चौकट दुर्रीच राहिली होती, ती दुसऱ्या रांगेच्या तळाशी, दोन राजांखाली. ती निघाली आणि कोनाड्यातले पत्ते धडाधड घरी गेले.

मी विचारलं, अण्णा, कसं सुचलं? म्हणाले, "बदाम सत्ती हातात होती, ती ठेवायला जागा दिसली आणि हात तिकडे गेला. पण ती सत्ती हलवून तिच्यामागे काय मोकळं होतं? काही नाही. दुसऱ्या सत्तीमागे दोन तिर्र्या होत्या."

लष्करवाला

करून पाहिलं, माझाही सुटला. अण्णांना माझा नमस्कार सांगा. पहिल्यांदा कळलं की उघड्या पत्त्यांतही श्वास रोखला जातो.

गणितवेडा

मी एका वहीत दोन्ही वाटा चालीचालीने लिहून काढल्या. माईंच्या वाटेने रांग रिकामी होते ती पाचवी, पण तोवर चारही कोनाडे भरलेले. अण्णांच्या वाटेने आठवी रिकामी होते तेव्हा दोन कोनाडे मोकळे आहेत. दोन कोनाडे आणि एक रांग म्हणजे सहा पत्ते हलवायची ताकद. माईंकडे शून्य कोनाडे आणि एक रांग, म्हणजे दोन. एका सत्तीचा फरक.

बडोद्याची_माई

सुटला. सुटला गं मृणाल! नात शाळेतून आली तेव्हा टेबलावर चार राजे ओळीत होते.

आता सवय झाल्यावर अवघड काही सांगा.

जुनी_फ्लॉपी

माई, दोन मार्ग. एक, कोनाडे तीनच ठेवा. पुष्कळ डाव तरीही सुटतात, पण चुकायला जागा उरत नाही. दुसरा, बेकर यांच्या घरचा, एकाच चिन्हाची उतरंड. पत्ता बसायला दोनऐवजी एकच जागा असते, त्यामुळे पहिल्या दहा चालींत रांगा आवळतात. मी आधी तीन कोनाड्यांचा सुचवेन.

अजून एक. एकदा घरी गेलेला पत्ता परत काढायचा नाही, म्हणून घरी पाठवायचीही घाई नको. काळी ५ घरी गेली की लाल ४ ला टेकायला एक जागा कमी.

मृणाल_इंदूर

अण्णांनी खालचा उजवा कोनाडा सुपारीचा डबा ठेवून बंद केलाय. तीन कोनाड्यांवर दोन दिवसांत एक डाव सुटला, दुसरा अजून मांडूनच आहे, त्यामुळे दिवाणावर कोणाला बसता येत नाही.

माई, त्यांची एक विनंती आहे. तुम्ही तिकडे पत्ते पिसून वाटा आणि आठही रांगा इथे लिहा, तोच डाव इकडे मांडतील. एक दिवस बडोद्याचा, एक दिवस इंदूरचा. लिहिताना ५२ पुरे झाले का ते मोजून घ्या. काल मीच अण्णांना डाव सांगताना इस्पिक १० दोनदा वाचली आणि चौकट ९ राहून गेली, ते अर्धा तास ती शोधत होते. उद्या चारच्या आत पाठवा, ते पेन्सिल घेऊन बसणार आहेत.

बडोद्याची_माई

पिसून ठेवलेत. पहिली रांग: किलवर ९, बदाम राणी, इस्पिक ५, थांब, चष्मा आणते.